किती ऑर्डरी म्हणजे पुरे?

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला सिझन सरता सरता एक प्रश्न हमखास पडतो, आणि बहुधा तो कुणाला मोठ्याने विचारत नाही. डायरी भरलेली आहे, येणी फार थकलेली नाहीत, गावात नाव आहे, मग कॅमेऱ्याची बॅग उचलणं जिवावर का येतं? नोकरी सोडून या धंद्यात उतरू पाहणारा हौशी मुलगा किंवा मुलगी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारते: आवडीचं काम करताना माणूस इतका थकतो कसा?

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावी स्वतःचा स्टुडिओ चालवणारा लग्नाचा फोटोग्राफर घेऊ. बारशाचे, दुकानाच्या मालाचे किंवा शाळेच्या गॅदरिंगचे फोटो काढणाऱ्यांचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवणं बरं. स्वतंत्र धंदा करणाऱ्याला कामाची खालची मर्यादा घरखर्च घालून देतो. वरची मर्यादा मात्र कुणीच घालून देत नाही. ती स्वतः ठरवणं हा धंद्याचाच भाग आहे, आणि बहुतेक जण तेवढाच भाग सोडून देतात.

१. थकवा आणि बर्नआउट

मे महिन्यात लागोपाठ चार लग्नं केली की पाठ धरते, डोळे चुरचुरतात. दोन दिवस झोप काढली, घरचं गरम जेवण जेवलं की माणूस ठीक होतो. हा थकवा. झोप होऊनही सकाळी उठल्यावर कामाचा विचार नकोसा वाटतो आणि असं आठवडेच्या आठवडे चालतं, तेव्हा प्रकरण पुढे गेलेलं असतं.

न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या अवस्थेवर लेख लिहिला. दवाखान्यात जीव ओतून काम करणारे स्वयंसेवक काही महिन्यांनी कोरडे, चिडके होताना त्याने पाहिले होते आणि स्वतःही तो अनुभव घेतला होता. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामावरचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्यामुळे येणारी अवस्था म्हटलं आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत.

पहिली खूण, सगळी शक्ती निघून गेल्यासारखं वाटणं. दुसरी, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं. अंतरपाट दूर होतो, नवरानवरी एकमेकांकडे पाहतात, सगळा मांडव अक्षता टाकतो, आणि फोटोग्राफरच्या मनात एवढंच येतं की आता ग्रुप फोटोंची रांग लागणार. तिसरी खूण, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. फोटो चांगले येतात, गिऱ्हाईक खूश असतं, तरी एडिटिंगला बसल्यावर सगळेच एकसारखे आणि फिके दिसतात. यातली दुसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती सगळ्यात उशिरा लक्षात येते. शरीराचा थकवा घरच्यांनाही दिसतो, पण मन तुटल्याचं फक्त त्या माणसाला कळतं आणि तो ते धंद्यातला मुरलेपणा समजून चालतो.

शेतातल्या विहिरीला पाच हॉर्सपॉवरची मोटर लावली की तीन-चार तासांत पाणी तळाला जातं. मग मोटर बंद करून झरे पाझरायची वाट पाहावी लागते. दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवल्याने झरे वाढत नाहीत, उपसा तेवढा लवकर संपतो. फोटोग्राफरचंही तसंच आहे. चांगला कॅमेरा, वेगवान कॉम्प्युटर, जोडीला एक मदतनीस यांनी उपसा वाढतो. पाझराचा वेग झोप, घर, मित्र आणि निवांत पाहणं यांवर ठरतो, आणि तो जवळपास आहे तेवढाच राहतो.

२. हौसेचा धंदा झाला की

मुळात आवडीचं काम थकवतं कसं, याचं एक उत्तर १९७३ साली अमेरिकेतल्या एका बालवाडीत मिळालं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट या तिघांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षिसाचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर बक्षीस दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात मुलं काय करतात ते पाहिलं, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढणाऱ्या मुलांची चित्रं काढण्याची ओढ बाकीच्यांपेक्षा कमी झालेली दिसली.

याचा अर्थ पैसे घेतले की आवड मरते, असा काढू नये. प्रत्येकच फोटो बोलीवर काढला जाऊ लागला की काढण्यातला आपखुशीचा वाटा आटतो, एवढं मात्र त्यातून कळतं. तुमचं स्वतःचं काय होतंय ते तपासायचं असेल तर गेल्या सहा महिन्यांतले फोटो उघडून पाहा. पैसे न घेता, कुणी न सांगता, दिसलं म्हणून काढलेले त्यात किती आहेत?

कायद्याची एक गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण ती फोटोग्राफरांनाच माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे करार न करता दहा वर्षं नुसती लग्नंच केली, तर लाखो फोटो काढूनही हक्काने आपले म्हणता येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरतात.

३. वेळ जातो कुठे?

आपल्याकडे या धंद्याचं वर्ष पंचांग ठरवतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि मोठी लग्नं थांबतात. हल्ली काढीव मुहूर्तांवर काही होतात, पण ती थोडी. तुळशीचं लग्न लागलं की दारं उघडतात. पौषात पुष्कळ घरं लग्न करत नाहीत. मग माघ-फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तारखा दाट, त्यातही मेमध्ये शाळांना सुट्टी म्हणून सगळ्यांनाच त्याच तारखा हव्या. त्यामुळे वर्षाची कमाई सहा-सात महिन्यांत करायची असते आणि भीती बाराही महिने असते. आलेली ऑर्डर सोडवत नाही ती या भीतीपोटी. पावसाळ्यातले रिकामे दिवस ज्याने पाहिले आहेत, त्याला याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत.

लोकांना फोटोग्राफर मांडवात दिसतो, म्हणून त्याचं काम दोन दिवसांचं वाटतं. पाठवणी आटोपून तो घरी पोचतो तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. जेवायला बसण्याआधी दोन कॅमेऱ्यांची चार कार्डं काढायची, एक कॉपी कॉम्प्युटरवर, दुसरी हार्ड डिस्कवर. दोन्ही कॉपी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. बॅटऱ्या आणि फ्लॅशचे सेल चार्जिंगला लावायचे. लेन्सच्या कडेला हळद बसलेली असते, बॅगेच्या तळाशी अक्षता सापडतात. ब्लोअरने झटकून मऊ कापडाने पुसून घ्यायचं. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर मुलीच्या मावसभावाचा मेसेज येतो: ‘दादा, स्टेटसला ठेवायला दोन-चार फोटो पाठवा ना.’ सकाळी सातला दुसऱ्या गावी हळद असते.

हळद आणि लग्न मिळून चार हजार फ्रेम सहज होतात. एकेका फ्रेमकडे फक्त तीन सेकंद पाहिलं तरी १२,००० सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटं नुसती पाहण्यात जातात. निवड, रंग सुधारणं आणि अल्बमचं डिझाइन त्यानंतर. घरच्यांनी अल्बमसाठी फोटो निवडून द्यायचे असतात. ते काम महिनोन्महिने पडून राहतं, आणि लग्नाचा पहिला वाढदिवस जवळ आला की अल्बम कुठे म्हणून फोन येतो.

मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळं कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सोबतीची माणसं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं अशा सहा जागी शोधायला सांगितलं आहे. फोटोग्राफर स्वतःच मालक असल्याने ताब्याचा प्रश्न त्याला नसेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा दिवस भटजींच्या, मेकअपवालीच्या आणि वरातीच्या वेळेवर चालतो. शूटच्या दिवशी वेळ त्याच्या हातात नसतेच. म्हणून बाकीच्या दिवसांवर तरी त्याचा ताबा हवा.

४. एका ऑर्डरीचा हिशेब

आता आकडे मांडू. ते मानलेले आहेत. तुम्ही आपले घाला, रीत तीच ठेवा.

हळद आणि लग्न अशा दोन दिवसांचं पॅकेज ८०,००० रुपये. त्यातून कॅन्डिडवाल्या जोडीदाराचे १२,०००, व्हिडिओवाल्याचे ८,०००, अल्बमच्या छपाईचे १०,०००, व्हिडिओ एडिटिंगचे ८,००० आणि गाडीभाड्याचे ४,००० असे ४२,००० गेले. उरले ३८,०००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ३८,००० सुटले म्हणतात.

पण स्टुडिओ ऑर्डर नसतानाही चालू असतो. वर्षाचं भाडं ९६,०००, वीज-इंटरनेट-सॉफ्टवेअर ५४,०००, कॅमेरा-लेन्सची दुरुस्ती आणि बदली १,२०,०००, विमा, हार्ड डिस्क आणि किरकोळ ३०,०००. एकूण ३ लाख. वर्षाला २५ ऑर्डरी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १२,००० येतात. म्हणजे खरी कमाई २६,०००.

आता तास. भेटीगाठी आणि फोन ५, प्रवासासह शूट ३०, बॅकअप आणि निवड ८, एडिटिंग २०, अल्बमचं डिझाइन आणि त्यातल्या दुरुस्त्या १५, पोचवणं आणि वसुली २. झाले ८० तास. २६,००० भागिले ८० म्हणजे ताशी ३२५ रुपये. वर्षाचे २,००० तास आणि साडेसहा लाखांची कमाई, प्राप्तिकर भरण्याआधीची. फोटोग्राफरने आपला भाव दिवसाच्या हिशेबात सांगावा, गिऱ्हाइकाला तोच कळतो. मनात मात्र ताशी आकडा पक्का असायला हवा.

५. पंधरा ऑर्डरी जास्त घेतल्या तर

वाढीचा ठरलेला रस्ता म्हणजे भाव थोडा उतरवायचा आणि तारखा भरायच्या. समजा ८०,००० चे ७०,००० केले आणि ४० ऑर्डरी मिळाल्या. प्रत्येकीतून थेट खर्च वजा जाता २८,००० उरतात. चाळीसांचे ११ लाख २० हजार, त्यातून स्टुडिओचे ३ लाख गेले, राहिले ८ लाख २० हजार. आधीपेक्षा १ लाख ७० हजार जास्त. तास मात्र २,००० वरून ३,२०० झाले. वाढलेल्या १,२०० तासांनी भागलं तर तासाला १४२ रुपये पडतात. पहिल्या पंचवीस ऑर्डरींत ३२५ रुपयांना जाणारा तासच इथे निम्म्याहून कमी भावात गेला.

शिवाय ३,२०० तास म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांत एकही सुट्टी न घेता आठवड्याला साडेएकसष्ट तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरच्या आकडेवारीवरून मांडलं, की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

कराचंही पाहा. सेवा देणाऱ्या धंद्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात आणि गोव्यात २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते आणि फोटोग्राफीवर दर १८ टक्के आहे. ८०,००० च्या २५ ऑर्डरी बरोबर २० लाखांवर थांबतात. ७०,००० च्या ४० ऑर्डरींची उलाढाल होते २८ लाख. लग्नघरातून हा कर वेगळा मागितला तर घासाघीस ठरलेली. तो त्याच ७०,००० मध्ये धरावा लागला, तर खरेदीवरच्या कराची वजावट मिळण्याआधी सव्वाचार लाखांच्या आसपास रक्कम जाते. मग वाढलेले १ लाख ७० हजार कुठे राहिले?

उलट दिशेने जाऊ. भाव ९०,००० केला आणि २५ पैकी पाच गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. उरलेल्या वीस ऑर्डरींतून प्रत्येकी ४८,००० सुटतात, म्हणजे ९ लाख ६० हजार. त्यातून ३ लाख वजा केले की ६ लाख ६० हजार. पाच गिऱ्हाइकं गमावूनही कमाई १०,००० ने वाढली, उलाढाल १८ लाखांवर राहिली आणि ४०० तास मोकळे झाले.

सगळ्यांना भाव वाढवता येत नाही, हे खरं आहे. धंद्यात नवा असलेला, कर्जाचे हप्ते भरणारा किंवा गावात भावाची चढाओढ असलेला माणूस आज हे करू शकणार नाही. पण भाव उतरवून तारीख भरण्याआधी हा भागाकार एकदा कागदावर करणं त्यालाही जमतं, आणि जास्त गरज त्यालाच आहे.

६. मोजमाप कुणाचं?

ऑर्डरींची संख्या, फॉलोअर, पॅकेजचा आकडा ही यशाची मोजमापं सोपी आहेत, कारण ती दुसऱ्यालाही दिसतात. होमाई व्यारावाला यांच्याकडे असं दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांच्या कॅमेऱ्यातून पुढच्या पिढ्यांनी पाहिली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. पती माणेकशा यांचं आदल्याच वर्षी निधन झालं होतं. नव्या वृत्तछायाचित्रकारांची वागण्याची तऱ्हा आपल्याला पटेनाशी झाली होती, असं कारण त्यांनी नंतर सांगितलं. पुढची चाळीसहून अधिक वर्षं त्या छायाचित्रणापासून दूर जगल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. काम कसं व्हावं याची त्यांची स्वतःची एक पातळी होती. ती टिकेना तेव्हा त्या थांबल्या, आणि त्यामुळे आधीच्या कामाला तसूभरही उणेपणा आला नाही.

सेबास्तियाव साल्गादो यांची कथा वेगळी आहे. ब्राझीलमध्ये १९४४ साली जन्मलेला हा अर्थशास्त्रज्ञ १९७३ मध्ये छायाचित्रणाकडे वळला आणि खाणकामगार, दुष्काळग्रस्त, निर्वासित यांच्या फोटोंनी जगभर पोचला. १९९४ च्या रवांडातल्या नरसंहारानंतर मात्र त्यांचं शरीर आणि मन दोन्ही ढासळलं. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. ते पत्नी लेलिया यांच्यासह मिनास जेराइस प्रांतातल्या घरच्या शेतावर परतले. जंगल तुटून जमीन उजाड झाली होती. तिथे पुन्हा झाडं लावण्याची कल्पना लेलियांची. १९९८ मध्ये त्यांनी ‘इन्स्टिट्यूतो टेरा’ ही संस्था काढली आणि पुढे वीस लाखांहून जास्त रोपं लावली गेली. २००४ पासून साल्गादो पुन्हा एका मोठ्या कामाला लागले, निसर्गावरच्या ‘जेनेसिस’ला. ते पुस्तक २०१३ मध्ये आलं. मधल्या काळात ते जमिनीवर राबले, आणि फोटो काढण्याची इच्छा तिथेच परत आली.

तालुक्याच्या गावच्या फोटोग्राफरला शेतावर काही वर्षं काढणं परवडणार नाही. त्याला आठवड्यातला एक दिवस आणि पावसाळ्यातला एक महिना परवडू शकतो, पण तो आधी राखून ठेवला तरच.

७. मर्यादा घालायची कशी?

आधी घरखर्च, मुलांची फी, हप्ते, आजारपणाची तजवीज आणि बचत मिळून वर्षाला किती लागतात ते काढा. त्यात स्टुडिओचा वर्षाचा खर्च मिळवा आणि एका ऑर्डरीतून थेट खर्च वजा जाता सुटणाऱ्या रकमेने भागा. उत्तर वीस आलं तर वीस ही तुमची गरज. तिच्यावर दोन-तीन ऑर्डरी अडीअडचणीसाठी धरा आणि पुढे नाही म्हणा. नाही म्हणताना गिऱ्हाईक तोडायचं नाही. गावातल्या दुसऱ्या विश्वासू फोटोग्राफरचं नाव द्यायचं. तोही त्याच्या भरलेल्या तारखांना तुमचं देईल. एकट्याने चालणाऱ्या या धंद्यात सोबतीची माणसं मिळतात ती अशा देवाणघेवाणीतूनच.

इसार घेताना एका पानावर लिहून द्या: फोटो किती दिवसांत मिळतील, अल्बमसाठीची निवड घरच्यांनी कधीपर्यंत द्यायची, दुरुस्त्या किती वेळा, मेसेजना उत्तर किती वाजेपर्यंत. दुरुस्त्या दोनदाच असं लिहिलेलं असलं की पंधरा तासांचं काम पस्तीस तासांवर जात नाही.

सुट्टी कशी घ्यावी याबद्दल सबिन सोनेंटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांचं २००७ चं संशोधन उपयोगाचं आहे. कामानंतर माणूस पुन्हा भरून येण्याच्या चार वाटा त्या सांगतात: मनाने कामापासून सुटणं, निवांत होणं, काहीतरी नवं शिकणं आणि मोकळा वेळ स्वतःच्या मर्जीने घालवणं. सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर पडून इतर फोटोग्राफरांचे रील पाहत राहिलात तर यातली एकही वाट धरली जात नाही. पोहायला जा, तबला शिका, मुलाला सायकल शिकवा. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा घेऊन बाहेर पडा, कुणाच्याही सांगण्यावरून नाही. बाजारचा दिवस, नदीचा घाट, स्वतःची आजी. ते फोटो कायद्यानेही तुमचेच राहतात.

झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर सुट्टीवर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

येत्या तुळशीच्या लग्नाआधी, पहिला इसार हातात घेण्यापूर्वी, नव्या डायरीच्या पहिल्या पानावर तुमचा ऑर्डरींचा आकडा लिहा. त्याच्यापुढची ऑर्डर आली तर ती कुणाकडे पाठवायची त्याचं नाव आणि फोन नंबरही त्याच पानावर लिहून ठेवा, म्हणजे ऐन मेमध्ये विचार करत बसावं लागणार नाही.